नाताले बेटावरचा वाघ

नाताले बेट, फिजीच्या बाजूला
११ जून १९६७

ती. सौ. प्रेमावहिनीस,

सहदेवचा नमस्कार. आधी आईला सांग की मी जिवंत आहे, धडधाकट आहे आणि दोन्ही वेळा जेवतो. एवढं वाचून झालं की तिला शेजारच्या सोनूबाईकडे विरजण मागायला पाठव. पुढचं तिच्यासमोर वाचण्यासारखं नाही.

खोबरं भरायला म्हणून इथे आलो आणि आमच्या जहाजाचा शाफ्ट मोडला. नवा भाग येईपर्यंत हलता येत नाही. येणार येणार म्हणतात, पण कधी ते कप्तानालाही ठाऊक नाही. मी भंडाऱ्याच्या हाताखाली कांदे कापून कापून कंटाळलो. (भंडारी म्हणजे आमचा जहाजावरचा मुख्य आचारी, दादाला नीट समजावून सांग. गेल्या खेपेला तो म्हणाला होता की भंडारी आपल्या बाजूच्या वाडीत राहतात.)

तर या बेटाच्या मधोमध एक डोंगर आहे, आणि डोंगराच्या पलीकडे वाईरेवा नावाचं गाव. तिथे जायला घनदाट जंगलातून एकच पायवाट. जहाजावरचा एकही माणूस त्या वाटेला जायला धजला नाही. मी गेलो. एकटा! हातात फक्त कोयता.

वहिनी, काय सांगू. झाडं इतकी दाट की भरदुपारी दिवेलागण झाल्यासारखं वाटतं. मनगटाएवढे साप फांद्यांवरून लोंबत होते, मी ते हाताने बाजूला करत चाललो. आणि एका वळणावर समोर वाघ! बशीएवढे पिवळे डोळे. मी त्याच्याकडे बघितलं, त्याने माझ्याकडे बघितलं. शेवटी त्यानेच नजर खाली घातली आणि निघून गेला. पाच तासांत वाईरेव्याला पोचलो. गावकऱ्यांनी गळ्यात हार घातले. संध्याकाळच्या चहाला जहाजावर परत.

हे सगळं आईला सांगू नकोस. बाकी कोणाला सांगायचं असेल तर माझी हरकत नाही.

तुझा,
सहदेव


भांडुप
२६ जून १९६७

सहदेव भावजी,

आशीर्वाद. तुमचं पत्र मिळालं. आईंना विरजण आणायला पाठवलं, पण त्या दाराआड उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. वाघ आला तशा आत आल्या आणि भांडं हातात तसंच धरून म्हणाल्या, "मेल्या, वाघाच्या तोंडात जावक थंय गेलंस काय?" म्हणजे मलाच म्हणाल्या, तुम्ही समोर नव्हता ना. तेव्हापासून दर सोमवारी उपास धरलाय आणि उपासाचा राग माझ्यावर काढतात. तुमचे दादा कारखान्यातून आले की रोज विचारतात, "वाघाचं काय झालं पुढे?" त्यांना वाटतं पत्र रोज येतं.

आता मुद्द्याचं बोलते. तुमच्यासाठी एक मुलगी बघितली आहे. लाजू नका, पुढे वाचा. नाव पद्मजा. वडील धोंडिराम, आपल्याच बाजूचे, विहार तलावावर म्युन्सिपाल्टीचे पहारेकरी. नोकरीची खोली तलावालगत, जंगलातच. ही पोरगी पाचवीपासून जंगलातल्या पायवाटेने चालत भांडुपच्या शाळेत यायची आणि आता त्याच शाळेत शिकवते. अजून चालतच येते. उंचीला बेताची, रंग गव्हाळ, बोलायला मिरची.

बोलणं करायला ते दोघं आपल्याकडे आले होते. तुमची थोरवी कळावी म्हणून मी तुमचं पत्र, कांद्यांचं तेवढं वगळून, वाचून दाखवलं. धोंडिराममामा मान डोलवत होते. मुलीने मात्र शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "वहिनी, यांच्या पायांना काही झालं नाही का?"

मी म्हटलं, म्हणजे गं काय?

तर म्हणाली, "डोंगर चढून-उतरून आलेला माणूस आधी पायांबद्दल बोलतो. या पत्रात डोळे आहेत, हात आहेत, गळ्यात हार आहेत. पाय कुठेच नाहीत." आणि चहाची बशी खाली ठेवून म्हणाली, "आणि चहूबाजूंनी समुद्र असलेल्या बेटावर वाघ गेला कसा, पोहत?"

मी सारवासारव केली. म्हटलं, तिकडचे वाघ निराळे असतील. ती हसली. हसली तेव्हा बरी दिसली, हे तुमच्या माहितीसाठी.

तर भावजी, दोन्ही प्रश्नांची उत्तरं उलट टपाली धाडा. नीट लिहा. मुलगी हातची जाऊ द्यायची नाही असं मी ठरवलंय.

तुमची वहिनी,
प्रेमा


नाताले बेट
९ जुलै १९६७

ती. सौ. वहिनीस,

तू मला फासावर चढवलंस.

आधी तुझ्या पाकिटाची हकिकत ऐक. पाकिटावर तू इंग्रजीत काय लिहून घेतलंस? "सेकंड ऑफिसर सहदेव." ते पाकीट आमच्या खऱ्या सेकंड ऑफिसरच्या हाती गेलं. त्यांनी ते न फोडता सगळ्यांच्या समोर, जेवणाच्या वेळी, मला दिलं. दोन्ही हातांनी. सलाम ठोकून. मी तेव्हा बटाटे सोलत होतो. आता इंजिनखोलीपासून डेकपर्यंत जो भेटेल तो सलाम ठोकतो. भंडारी तर म्हणतो, "ऑफिसर साहेब, आज कांदे बारीक कापायची कृपा होईल का?"

म्हणजे तू त्या लोकांना मी ऑफिसर असल्याचं सांगितलंस तर! आणि वर मला म्हणतेस, नीट लिहा.

तू खोटं बोललीस, मीही बोललो. तेव्हा हे फक्त तुझ्यासाठी लिहितो. कोणाला दाखवायचं नाही, वाचून चुलीत टाक. मी वाईरेव्याला गेलो नाही. निघालो होतो, हे खरं. गावाबाहेर अर्ध्या मैलावर एक ओढा लागतो. त्याच्यावर आडवं पडलेलं एक ओंडकं हाच पूल. मी त्याच्यावर पाय ठेवला, ते हललं, मी परत आलो. बस्स. मग दिवसभर शिवदासच्या दुकानात बसून राहिलो. या शिवदासचे आजोबा ऊस तोडायला म्हणून आपल्या देशातून इकडे आले, ते इकडचेच झाले. हा त्यांच्यासारखंच हिंदी बोलतो, पण हिंदुस्थान त्याने नकाशातच बघितलाय. त्याने मला जंगलाच्या गोष्टी सांगितल्या. वाघ मात्र माझाच. शिवदासला विचारलं तर म्हणाला, इकडे रानडुकराहून मोठं जनावर नाही.

घरचा समुद्र, परक्याचा समुद्र, सगळं पार केलं, वहिनी. पण ते ओंडकं हललं आणि मी मागे फिरलो, हे मी कोणाला सांगू शकत नाही. तुला सांगतोय.

त्या मास्तरीणबाईंना काय उत्तर द्यायचं ते तूच सुचव. पायांना फोड आले होते असं लिहू का? वाघाऐवजी रानमांजर करू का?

आणि ती हसते तेव्हा बरी दिसते म्हणजे नक्की कशी, ते सविस्तर लिही.

तुझा,
सहदेव (ऑफिसर नव्हे)


भांडुप
२७ जुलै १९६७

सहदेव भावजी,

खुर्ची असेल तर बसून वाचा. नसेल तर बटाट्याच्या पोत्यावर बसा.

तुमचं पत्र आलं तेव्हा माझे डोळे आले होते. लालभडक, पापण्या चिकटलेल्या, काही दिसेना. शनिवार होता, शाळा अर्धा दिवस. पद्मजा आणि तिचे वडील माझी चौकशी करायला आलेले. सोनूबाई नेहमीसारखी शेजारधर्म म्हणून हजर. एवढ्यात पोस्टमनने पत्र दिलं. आई म्हणाल्या, "वाच गो कोणीतरी, झीलाचा पत्र इला." आणि मी काही बोलायच्या आत ते पाकीट पद्मजेच्या हातात गेलं!

तिने पहिल्या दोन ओळी मनात वाचल्या. माझे डोळे मिटलेले, तिचा चेहरा दिसेना. कागद उलटल्याचा आवाज तेवढा आला. मी मनात म्हटलं, लागली वाट. मग तिने घसा साफ केला आणि वाचायला लागली.

भावजी, ती काय वाचत होती! म्हणे, वाघ दुसऱ्या दिवशी परत आला. म्हणे, तो लंगडत होता, त्याच्या पंजात काटा रुतला होता. म्हणे, तुम्ही तो काटा उपटून काढलात, आपल्या वाटणीचा अर्धा पाव त्याला दिलात, आणि आता तो रोज संध्याकाळी धक्क्यावर येऊन बसतो. कुठे अडखळली नाही. मध्ये एकदा "इथे शाई पुसलीय" असंसुद्धा म्हणाली. आईंच्या डोळ्यांना धार लागली. सोनूबाईने हात जोडले. ते आता साऱ्या वाडीत पसरलंय. परवा वाण्याने मला विचारलं की वाघाला पाव चालतो का.

म्हणजे जी थाप तुम्ही मारलीही नाही तिच्यामुळे तुम्ही आता भांडुपचे वीर झालात.

मग ती मला डोळे धुवायला म्हणून मोरीपाशी घेऊन गेली आणि कानाशी खरं पत्र वाचून दाखवलं. अक्षर न् अक्षर. ओंडकं, बटाटे, ऑफिसर, सगळं. शेवटची ओळसुद्धा. मी म्हटलं, पोरी, आता तू आम्हाला काय म्हणशील? तर माझ्या डोळ्यांवर पाणी मारत म्हणाली, "तुम्हाला काही म्हणत नाही. त्यांना एवढंच कळवा की दुसऱ्यांशी खोटं बोलायचं असेल तर मी मदत करीन. माझ्याशी बोलायचं नाही. आणि जहाज अजून तिथेच आहे ना? मग ती वाट चालून या. जे होईल ते लिहा."

मला वाटलं, आपण सुटलो. पण दुसऱ्या दिवशी तिने वडिलांना खरं काय ते सांगितलं, की तुम्ही ऑफिसर नाही. धोंडिराममामा तडक भांडुपला आले. बसले नाहीत, पाणी घेतलं नाही. म्हणाले, "कांदे कापतो याचं मला काही नाही. मीही पहारेकरीच आहे. पण माझ्या तोंडावर खोटं बोललात." आणि आल्या पावली परत गेले. भावजी, तुम्ही ऑफिसर असल्याचं सांगताना मला त्यात खोटं वाटलंच नव्हतं हो. तुम्ही चौदा वर्षांचे होता तेव्हा मी या घरात आले. तेव्हापासून माझ्या मनात तुम्ही कोणीतरी मोठेच होणार होता. जिभेने जरा घाई केली.

आता मुलुंडचं एक स्थळ त्यांनी काढलंय. जयवंत नावाचा कचेरीतला कारकून. गणपतीच्या आत ठरवायचं म्हणतात. पद्मजेने अजून हो म्हटलेलं नाही.

तेव्हा भावजी, रानमांजर वगैरे काही करू नका. चाला.

तुमची,
प्रेमावहिनी

ता. क. ती हसते तेव्हा आधी डाव्या गालाला खळी पडते, उजव्या गालाला जरा उशिराने.


सुवा बंदर
१२ ऑगस्ट १९६७

ती. सौ. वहिनीस,

हे पत्र कोणालाही वाचून दाखव. आईला दाखव, धोंडिराममामांना दाखव, ज्यांना दाखवायचं त्यांना तर दाखवच.

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी मी शिवदासकडे गेलो आणि म्हटलं, मला उद्या वाईरेव्याला जायचंय. तो म्हणाला, "मेरे के साथ जाओ." मी म्हटलं, तुझे के साथ? तो म्हणाला, "नहीं, मेरे के साथ." मला वाटलं इकडे राहून याचं हिंदी बिघडलंय. पाच मिनिटं आम्ही तुझे-मेरे करत बसलो. शेवटी कळलं की 'मेरे' हे एका म्हातारीचं नाव. वाईरेव्याची. सत्तरीची असेल. आठवड्यातून एकदा डोंगर ओलांडून बाजाराला येते आणि दुसऱ्या दिवशी परत जाते.

जहाजाचा भाग आदल्या दिवशी आला होता, पण बसवायला दोन दिवस लागतील असं सारंग, म्हणजे आमच्या खलाशांचा मुखिया, म्हणाला. तीन लांब शिट्ट्या झाल्या तर असशील तिथून परत ये, एवढं बजावून त्याने सोडलं. थर्ड इंजिनियरचे बूट मागून घेतले. ते मोठे होत होते म्हणून पुढे कागद कोंबले.

सकाळी निघालो. मेरे आजी अनवाणी. पाठीवर टोपली, तिच्यात रॉकेलचा डबा आणि साबणाच्या वड्या. माझ्या पाठीवर काहीच नाही, फक्त भीती. ओढा आला. ती ओंडक्यावरून आपण ओटीवरून स्वैपाकघरात जावं तशी गेली. मी पाय ठेवला. हललं. मग मी खाली बसलो आणि घोड्यावर बसल्यासारखा, दोन्ही बाजूंना पाय सोडून, ढुंगणाने सरकत सरकत गेलो. मेरे आजी पलीकडे पोट धरून हसत होती. पण गेलो, वहिनी. ते ओंडकं ओलांडलं.

पुढे जंगल. साप नाहीत, एकही दिसला नाही. पण चिखल! आपल्या गावच्यासारखा तांबडा. आणि झाडं तरी कोणती? अळू, केवडा, नीरफणस, जास्वंदी. माणूस एवढ्या लांब येतो आणि समोर परसातलंच सगळं उभं. फक्त सगळं तिप्पट मोठं. आपण ज्या नेच्याची पानं गणपतीच्या मखराला लावतो, त्याचा इकडे माडाएवढा वृक्ष होतो. बांबूचं एक बेट लागलं, त्यात वाऱ्याने अशी करकर चालली होती की दहा दारं एकदम उघडतायत. मी सात वेळा पडलो. पहिल्या तीन वेळा मेरे आजी हसली. मग तिलाही कंटाळा आला.

अर्ध्या चढावर एक उभा खडक आहे. मुळांना धरून वर चढायचं. तिथे माझं अवसान गेलं. मी खाली बसलो आणि आपल्या भाषेत म्हटलं, "माका जमूचा नाय." डोळ्यांत पाणी आलं, हेही लिहितो. आजीला मालवणी कुठली कळायला? पण तिने टोपली उतरवली, माझ्या शेजारी बसली, केळीच्या पानातला उकडलेल्या अळवाचा कांदा काढून अर्धा मला दिला. आम्ही खाल्लं. तेवढ्यात वर झाडाच्या शेंड्यावर कुत्रा भुंकला.

आता हे खोटं वाटेल, पण खरं आहे. इकडे एक कबूतर आहे, ते कुत्र्यासारखं भुंकतं. मी आजीकडे बघितलं, तिने बोट वर केलं. राखाडी रंगाचं जाडजूड कबूतर, मान फुगवून भुंकत होतं. मला इतकं हसू आलं की भीती कुठे गेली ते कळलंच नाही. हसतच खडक चढलो.

खिंडीत पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. दोन्ही बाजूंना समुद्र. पुढे खाली वाईरेवा. मी छपरं मोजली, अकरा. धूर निघत होता, कुठेतरी मासे भाजत होते, त्याचा वाससुद्धा आला. अर्ध्या तासाचा उतार. आजी पुढे झाली आणि हाताने खाण्याची खूण करून बोलवायला लागली.

आणि मागून जहाजाची शिट्टी झाली. लांब. मग दुसरी. मग तिसरी.

मी उभाच राहिलो. सारंगाने दोन दिवस म्हटलं होतं. पुढे गेलो असतो तर जहाज मला टाकून गेलं असतं. मागे फिरलो तर सगळी वाट फुकट. वहिनी, तिथे मला बघायला मेरे आजीखेरीज कोणी नव्हतं, आणि तिला मराठी लिहिता येत नाही. गाव समोर दिसत होतं. पोचलो असं लिहिलं असतं तर अकरा छपरं, धूर, मासे, सगळं बिनचूक लिहिता आलं असतं. पण मी उतरलो नाही. मी वाईरेव्याला गेलो नाही. खिंडीतून परत फिरलो.

आजीला वाकून नमस्कार केला. तिने माझ्या डोक्यावर साबणाचा वास येणारा हात ठेवला आणि काहीतरी बोलली. मग मी एकटा खाली.

आता पायांबद्दल. चढताना टाचा दुखतात. उतरताना सगळं अंग बोटांवर येतं. थर्ड इंजिनियरच्या बुटात माझी बोटं पुढे आपटत होती, कागदाचा केव्हाच लगदा झाला होता. उजव्या अंगठ्याचं नख काळं पडलं, आता ते गळेल. डाव्या पायाची करंगळी सुजून कोकमाएवढी झाली. दोन्ही टाचांना फोड, एक फुटलेला. वाटेत एक रानडुक्कर भेटलं. ते मला बघून पळालं, की मी त्याला बघून पळालो, हे नीट आठवत नाही. दोघंही पळालो. ओंडक्यावरून येताना मात्र उभा चाललो. घाईत होतो म्हणून भ्यायला वेळ मिळाला नाही.

जहाजावर पोचलो तेव्हा शिडी उचलत होते. भंडाऱ्याने माझे पाय बघितले आणि दोन दिवस कांदे स्वतः कापले.

जयवंतरावांचं काय झालं ते ऑकलंडच्या पत्त्यावर कळव. जे असेल ते कळव.

सहदेव


भांडुप
३१ ऑगस्ट १९६७

सहदेव भावजी,

आधी जयवंतरावांची कथा सांगते. गंमत आहे.

ते आपल्या आईला, शांताबाईंना घेऊन मुलगी बघायला तलावावर आले. कांदेपोहे झाले. पद्मजा म्हणाली, "चला, तलाव दाखवते." आणि मुद्दाम जंगलातल्या वाटेने नेलं. धोंडिराममामा आणि शांताबाई बरेच मागे होते. जयवंतराव नव्या कोऱ्या चपला घालून आपल्याला कचेरीत साहेब किती मानतात ते सांगत चालले होते. एका वळणावर झुडूप हललं. तिकडे बिबळे आहेत, खोटं नाही. जयवंतरावांनी काय करावं? पद्मजेचे दोन्ही खांदे धरले, तिला पुढे केलं आणि आपण मागे उभे राहिले.

झुडपातून बाहेर आलं ते म्हशीचं पारडू. आरेच्या तबेल्यातून चुकून आलेलं असणार.

इथपर्यंतही ठीक होतं. भीती कोणाला वाटत नाही? पण मागची मंडळी येऊन पोचली तसे जयवंतराव म्हणाले, "बिबळ्या होता. मी यांना पाठीशी घातलं म्हणून बरं." शांताबाईंनी तिथल्या तिथे त्यांची दृष्ट काढली. पद्मजा गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "हो ना. शेपटीने माश्या हाकलत होता बिचारा."

ते गेल्यावर तिने वडिलांना सांगितलं, "बाबा, एक माणूस सात समुद्रांपलीकडून खोटं बोलला आणि मग खरं लिहायला डोंगर चढला. दुसरा माझ्या शेजारी उभा राहून खोटं बोलला."

धोंडिराममामा काठी उचलून पहाऱ्यावर निघून गेले. मग तुमचं पत्र आलं. मी ते पदराखाली घेतलं आणि स्वतः तलावावर गेले. भावजी, भांडुपहून तिथवर चालत. माझे पाय कसे झाले ते मी लिहीत नाही, लिहिलं तर तुमचे फोड लाजतील. आधी मामांच्या समोर कान धरले. म्हटलं, खोटं मी बोलले, शिक्षा त्यांना देऊ नका. मग पत्र वाचलं. कबुतराशी आले तेव्हा मामा म्हणाले, "ही मात्र थाप." पद्मजा चटकन म्हणाली, "नाही बाबा, हेच खरं. थाप मारणाऱ्याला वाघ सुचतो. भुंकणारं कबूतर कोणाला सुचेल?"

शिट्टीशी आले. मामांनी मला थांबवलं. ती जागा पुन्हा वाचायला सांगितली. मी वाचली. मग तंबाखू मळायला घेतली. म्हणाले, "गाव दिसत होतं आणि कामावर परत आला?" मी म्हटलं, हो. "कोणी बघत नसताना?" मी म्हटलं, हो. तर म्हणाले, "तीस वर्षं या पाण्यावर पहारा करतोय. कोणी बघत नसताना काम करणारा माणूस मला कळतो." आणि पद्मजेला म्हणाले, "आत जाऊन यांना काहीतरी गोड दे."

झालं, भावजी. ठरलं!

आईंना मी खरं सांगायला गेले की वाघ नव्हता. त्यांनी मलाच झापलं. म्हणाल्या, "झिलान काटो काढल्यान ता मी माझ्या कानांनी आयकलंय. तू गप ऱ्हव." त्यामुळे वाघ आता घरात राहणार. तुम्ही आलात की त्याची चौकशी होईल, तयारी ठेवा.

तुमच्या दादांनी एवढंच विचारलं, "त्या म्हातारीचं पुढे काय झालं?" ते त्यांना कळवा.

सोबत एक बंद पाकीट आहे. ते मी उघडलेलं नाही. उजेडासमोर धरून बघितलं, पण कागद जाड आहे.

तुमची,
प्रेमावहिनी


विहार तलाव
३० ऑगस्ट १९६७

श्री. सहदेव यांस,

तुम्हाला काय म्हणून लिहावं ते अजून ठरलेलं नाही, म्हणून नुसतं नाव लिहिलं आहे.

तुमचं पत्र मी स्वतःच्या हाताने घेऊन पुन्हा वाचलं, कारण वहिनी वाचताना रडण्याच्या जागी हसतात आणि हसण्याच्या जागी रडतात. ओंडक्यावरून तुम्ही कसे गेलात ते मी वर्गातल्या मुलांना बाकावर करून दाखवलं. नाव सांगितलं नाही. आता मधल्या सुट्टीत सगळा वर्ग बाकांवरून तसाच सरकतो आणि हेडबाई मला कारण विचारतात.

नख गळेल तेव्हा घाबरू नका. नवीन यायला चार महिने लागतात. माझं दोनदा गेलं आहे. तोवर बंद बूट घालू नका, आणि मिठाच्या कोमट पाण्यात पाय बुडवून बसत जा. हे शिकवायचं म्हणून नाही, मला माहीत आहे म्हणून लिहिते.

वाईरेव्याला पोचला नाहीत याचं वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही पोचला असता आणि तसं लिहिलं असतंत, तर मला ते खरं की खोटं हे कधीच कळलं नसतं. खात्रीसाठी जन्मभर तुमच्या अंगठ्याकडे बघत बसावं लागलं असतं.

आता थोडं माझ्याविषयी, म्हणजे नंतर फसवलं असं म्हणू नका. मी स्वभावाने अतिशय शांत आहे, कधी रागावत नाही. भाकऱ्या चंद्रासारख्या गोल थापते. आणि पोस्टमन आपल्या वाटेला आला की मी धावत पुढे जात नाही, कारण तुमच्या पत्राची मला काही एवढी ओढ लागलेली नाही.

या तिन्ही थापा आहेत. फिट्टंफाट.

पद्मजा